विकत घेतलेला कोंड्या

मुरबाडजवळच्या त्या खेड्यात आम्ही राहत होतो तेव्हा सकाळी दाराची कडी काढली की पायरीवर कोंड्या बसलेला असायचा. वय वर्षं चार. अंगात गुडघ्याखाली आलेलं झबलं, तेही आमच्या ह्यांच्या जुन्या धोतराचं. हातात एखादी काटकी नाहीतर मेलेला भुंगा. मी दार उघडलं की तो सरळ आत यायचा, चुलीवर काय आहे ते बघायचा आणि घरच्या कर्त्या पुरुषासारखा विचारायचा, "आई, आज काय करतेस?" मी म्हणायचे, "तुझं डोंबल." तो म्हणायचा, "बरं, पन गूळ घाल." पुढे कितीतरी मुलं माझ्या अंगाखांद्यावरून गेली, पण इतक्या निवांतपणे माझं तोंड बंद करणारं दुसरं कुणी भेटलं नाही.

कोंड्या माझा मुलगा नव्हता. म्हणजे होता, पण विकत घेतलेला. हे ऐकून भुवया उंचावतात म्हणून आधी तेवढं सांगून टाकते.

आमचे हे तिथल्या शाळेत मास्तर होते. शेजारचं घर गोमाचं. गोमा भातशेती करायचा, अबोल माणूस. त्याची बायको सगुणा कामाला वाघीण आणि बोलायला गोड. पण तिचं एकही मूल टिकत नव्हतं. कुणी महिन्याचं होऊन गेलं, कुणी रांगायला लागून गेलं. शेवटचं गेलं तेव्हा मी तिच्याजवळ बसले होते. ती रडलीसुद्धा नाही, नुसती पाळण्याची दोरी गुंडाळत राहिली. त्यानंतर हा झाला, भाताच्या कापणीच्या दिवसांत. सुईणीने पहिल्याच दिवशी सांगितलं, "ह्याला आपला म्हनू नको गो सगुणा. इकून टाक. ज्या घरात पोरं नांदतात, त्या घराला इक."

पोरं नांदणारं घर म्हणजे आमचं. मला तीन मुली, तिन्ही धडधाकट, दिवसभर घर डोक्यावर घेणाऱ्या. पाचवीच्या दिवशी सुईणीने बाळाला सुपात घातलं आणि मागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. सगुणा पाठ करून उभी राहिली. मी जायचं, "अगंबाई, हे कुणाचं टाकलेलं पोर" असं म्हणायचं, सूपभर कोंडा द्यायचा आणि पोर उचलायचं. मी तसं केलं. आमचे हे ओट्यावर बसून "काय हा खुळेपणा" असं पुटपुटत होते. मी म्हटलं, "तुम्ही पेपर वाचा." पोराचं नाव अर्थातच कोंड्या पडलं.

पाच वर्षं पुरी होईपर्यंत त्याला आपला म्हणायचं नाही, नवं कापड घ्यायचं नाही, त्याच्याकडून 'आये' म्हणवून घ्यायचं नाही, असं सुईणीने सगुणाला बजावलं. पाचवं सरलं की खण, नारळ आणि एक कोंबडी देऊन सोडवून न्यायचा. तोवर तो मास्तरांचा पोर, तिच्याकडे नुसता सांभाळायला ठेवलेला. अशी मुलं त्या भागात पुष्कळ होती. सगळ्यांना ठाऊक असायचं की हे बोलण्यापुरतं आहे. नियतीला चकवायचं, एवढंच.

फक्त कोंड्याला हे कुणी सांगितलं नाही. जे कानावर पडलं ते त्याने खरं धरलं. आपलं घर मास्तरांचं, आणि सगुणाबाय-गोमादादांकडे आपण पाहुणे. आईला तो 'सगुणाबाय' म्हणायचा, सगळा गाव म्हणत होता तसंच. रात्री तिच्याच कुशीत झोपायचा, पण सकाळी उठून "निघतो गो" असं सांगून आमच्याकडे यायचा. तिच्याकडे जेवला की हात धुऊन म्हणायचा, "पोट भरलं बरं का. लई केलंत." गोमाने एकदा त्याला सरपण आत आणायला सांगितलं तर म्हणाला, "पावन्याला काम सांगू नये." आणि तोच पोर आमच्याकडे न सांगता पाटावरवंटा ओढायला जायचा. वरवंटा पायावर पाडून घ्यायचा आणि वर म्हणायचा, "घरचं काम हाय, लागायचंच."

एकदा सगुणाचा भाऊ कसाऱ्याहून आला. तो रेल्वेच्या कामावर होता. भाऊ जेवायला बसला तसा कोंड्याही त्याच्या शेजारी मांडी घालून बसला आणि त्याला धीर देत म्हणाला, "लाजू नको. मी बी पावनाच हाय. हितं भाकरी चांगली मिळते, कालवणात मीठ जरा कमी असतं." भावाला घास घशात अडकेपर्यंत हसू आलं. त्याने विचारलं, "मग माज्याकडं येतोस का राहायला?" कोंड्या म्हणाला, "मास्तरांना इचारावं लागंल. त्यांनी पैका दिलाय." पैका कसला, कोंडा दिला होता, पण आपली किंमत वाढवून सांगायची अक्कल त्याला कुणी शिकवावी लागली नाही.

तालुक्याहून शाळा तपासायला साहेब आले होते, तेव्हाचं तर विचारूच नका. तपासणी झाली, साहेब चहाला घरी आले. लढाईचे दिवस, साखर मिळण्याची मारामार. मी डब्याच्या तळातली खरवडून चहा केला होता आणि सगळं कसं रीतसर चाललं होतं. साहेबांनी सहज विचारलं, "मुलं किती आपल्याला?" हे म्हणाले, "तीन मुली." कोपऱ्यातून आवाज आला, "आनि मी." साहेबांनी मान वळवली. कोंड्या उठून पुढे आला आणि म्हणाला, "मी इकतचा हाय." सरकारी शाळेचा मास्तर घरात विकत घेतलेलं पोर बाळगतो, हे ऐकून साहेबांचा चहा बशीतच राहिला. आमच्या ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. खुळेपणा म्हणून ज्याला नाकं मुरडली, तोच सगळा प्रकार त्यांना साहेबांना समजावून सांगावा लागला. साहेब माणूस चांगला निघाला. त्याने कोंड्याला विचारलं, "कितीला घेतलं तुला?" कोंड्या म्हणाला, "सूपभर कोंड्याला." साहेब म्हणाले, "मग मास्तर, तुम्हाला स्वस्त पडला." त्यानंतर कित्येक दिवस कोंड्या गावभर सांगत होता, की साहेबाला मी स्वस्त वाटलो.

हे सगळं आम्हाला गमतीचं वाटायचं. सगुणाही हसायची, पण तिचं हसणं अर्ध्यावर थांबायचं.

ती त्याच्यावर कधी रागवत नसे. मी तर फटकळ बाई, माझ्या मुलींना दिवसातून दहादा झोडपायचे. सगुणाचा हात कधी उठला नाही. एकदा पोराने दुपारी वासरू सोडून दिलं आणि वासराने गाईचं सगळं दूध पिऊन टाकलं. वर हा आनंदाने टाळ्या वाजवतोय. सगुणाने हात उगारला तो मी माझ्या खिडकीतून पाहिला. मग तो हात तिने तसाच खाली घेतला, पदराला पुसला आणि माझ्या दारात येऊन परक्याची तक्रार घेऊन यावं तशी उभी राहिली. "मास्तरीणबाय, तुमच्या पोरानं वासरू सोडलं. तुमी बोला त्याला. माज्या वाटचं बी दोन शब्द बोला." मी गेले आणि चांगला फैलावर घेतला त्याला. जरा आवाज चढला तशी तीच मागून म्हणाली, "पुरं झालं की. ल्हान हाय." कसली बाई ही, असं मला झालं.

त्या दिवशी ती माझ्या ओट्यावर बराच वेळ बसून राहिली. म्हणाली, "दुसऱ्याच्या पोराला मारता येत नाय ना. एकदा तरी मला आये म्हनावं त्यानं, असं लई वाटतं. पन म्हनला, आनि ऐकनाऱ्यानं ऐकलं तर?" मी शिकल्यासवरल्या घरातली, पण त्या पाळण्याची दोरी गुंडाळताना मी तिला पाहिलं होतं. मी म्हटलं, "राहिलं किती आता? एक कापणी. काढ कळ." ती म्हणाली, "काढते."

आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या ह्यांची बदली शहापूरला झाली.

कोंड्याचं पाचवं सरायला अजून अख्खा पावसाळा जायचा होता. मला वाटलं, सगुणा म्हणेल, घाई करा, आत्ताच सोडवून घेते. पण तिची छाती झाली नाही. दोन दिवस ती आमच्याकडे फिरकलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली ती कोंड्याच्या कपड्यांचं बोचकं घेऊन. गोमा मागे खाली मान घालून उभा. ती म्हणाली, "मास्तरीणबाय, तुमचा पोर तुमी घेऊन जा. मुदत पुरी होऊ द्या. कापणी झाली का मी येते शहापूरला, सोडवून आनते." बोचकं खाली ठेवून तिने त्याची गाठ पुन्हा एकदा घट्ट केली. जगावा म्हणून पोटचं पोर दुसऱ्याच्या गाडीत घालून द्यायला ती तयार झाली होती. मला रडू आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी मुलींवर ओरडले.

कोंड्याला मात्र ह्यात रडण्यासारखं काहीच दिसत नव्हतं. आपलं बिऱ्हाड हलतंय, आपण जाणार, सरळ हिशेब. तो घरोघर निरोप घेत हिंडला. सगुणाला म्हणाला, "सगुणाबाय, मी चाललो. आजारी पडू नको." गोमाला म्हणाला, "वासराकडं बघ." आणि आमच्या ह्यांना रोज बजावत होता, "भांड्याकुंड्याची काळजी करू नको. सामान मी नेतो."

निघायच्या दिवशी सामानाची गाडी पहाटेच पुढे गेली. लखू गाडीवाला सरळगाववरून शहापूरची वाट धरणार होता. आम्ही उन्हं कलल्यावर दुसऱ्या गाडीने निघायचं होतं. त्या दिवसाचं आमचं सगळ्यांचं जेवण सगुणाने रांधलं होतं. पानं मांडली, मुली बसल्या, आणि कोंड्या नाही. ज्याला जेवायला कधी हाक मारावी लागली नाही, तो पोर पानावर नाही. पहाटेपासून तो आमच्याकडे असेल असं सगुणाला वाटत होतं आणि तिच्याकडे असेल असं मला.

घरं धुंडाळली, गोठे धुंडाळले. गोमाने विहिरीत उडी टाकली. माणसं नदीच्या डोहाकडे धावली. आमचे हे अनवाणी पळत होते, शाळेतली मोठी पोरं रानाकडे पांगली. आणि सगुणा, डोक्यावरचा पदर सुटलेला, वाटेत येईल त्याला धरून विचारत होती, "मास्तरांचा पोर बघितलात का? मास्तरांचा पोर हारावलाय." तिचा जीव जात होता, तरी जीभ चुकत नव्हती. प्रत्येकाला मास्तरांचा पोर. मी तिच्या मागे पळत होते आणि प्रत्येक वेळी ते ऐकत होते. मी देवाला म्हटलं, हिला आता आणखी काही दाखवू नकोस, बास झालं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा पांदीतून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. पाहतो तो लखूची गाडी, आमच्या सगळ्या संसारासकट परत येतेय. आणि वर, गाद्यांच्या वळकटीवर, कोंड्या बसलेला. पहाटेच तो सामानाची राखण करायला गाडीत शिरला होता आणि गाद्यांच्या आड झोपून गेला होता. सरळगावच्या पुढे लखूने बैलांना पाणी दाखवायला गाडी थांबवली तेव्हा मागून आवाज आला, "शहापूर आलं का? भूक लागली." लखू म्हणाला, "मी घाबरलो ना मास्तरीणबाय. वाटलं, गादीच बोलतेय." त्याने तशीच गाडी फिरवली.

गाडी थांबली. कोंड्या उतरला. एवढी माणसं का जमली, ते त्याला कळेना. सगुणा चिखलाने माखलेल्या पायांनी समोर उभी. त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "रडतेस कशाला?"

कुणीतरी मागून म्हणालं, "अरे, मास्तरांचा पोर हारावला होता."

"कंचा?" कोंड्या म्हणाला. मग तिचा हात धरून म्हणाला, "चल. मी बी हुडकतो."

सगुणाने त्याच हाताने त्याला ओढलं आणि पाठीत असा धपाटा घातला की त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पाठोपाठ दुसरा, तिसरा. "तू हारावलास, मेल्या. तू. माजा पोर हारावला होता. माज्या पोटचा." आणि मग आपण काय बोलून गेलो ते तिला कळलं. तिने तोंडावर हात ठेवला आणि मटकन खाली बसली. सुईण पुढे आली, पण तिलाही काही सुचेना. पाच वर्षं जपलेला शब्द, एक पावसाळा राहिला असताना निसटला होता. सगुणा वर बघेना, पोराकडे बघेना. पांढरीफटक पडली होती ती.

मला काय झालं कोण जाणे. मी पदर खोचला आणि आजवर भांडणात लावला नसेल एवढा आवाज लावला, ऐकणारा कुठेही असो, त्याला ऐकू जावा म्हणून. "घेऊन जा तुझा पोर. मला नको. पाच वर्षं पोसला, विटले मी. खादाड आहे, दिवसभर तोंड चालू असतं, कामाचं नाव नको. असला माल शहापूरला नेऊन मी काय करू? मुदतबिदत मला सांगू नका. घेतला मी, विकणार मी. काय देतेस बोल."

सुईण हुशार. तिच्या लगेच ध्यानात आलं. तीही ओरडली, "खरंच गो, लई वाईट पोर. नाकात बोटं घालतो." मग लखू म्हणाला, "झोपेत लाथा मारतो, गादी फाडली ह्यानं." जो तो पोराला नावं ठेवायला लागला. कोंड्याच्या डोळ्यांत पाणी आलं. धपाट्यांनी आलं नव्हतं ते आता आलं. "मी खादाड नाय," तो म्हणाला. "आज तर जेवलो बी नाय."

ओल्या अंगाने गोमा पुढे आला. "कोंबडी देतो," म्हणाला. त्याचं तेवढंच वाक्य मला आयुष्यभर लक्षात राहिलं, कारण ते म्हणताना त्याचा आवाज फुटला.

कोंड्याने डोळे पुसले. "कोंबडी देऊ नको," त्याने बापाला बजावलं. "ती अंडी घालते. कोंबडा दे. तो चावतो."

आता मात्र सगळे हसले. सगुणाही खाली बसल्या बसल्या रडत हसत होती. कोंबडा आणला. मी हातात घेतला, तो मला चावला, सौदा खरा ठरला. "दिला," असं कुणीतरी तिसऱ्याने म्हणायचं असतं. आम्ही इकडेतिकडे बघतोय तोवर आमचे हे पुढे झाले. खुळेपणा, खुळेपणा म्हणणारा हा माणूस, अनवाणी, पायांत काटे मोडलेले. त्यांनी कोंड्याला उचलून सगुणाच्या मांडीत ठेवलं आणि शाळेत प्रार्थनेला उभे राहावं तसे ताठ उभे राहून म्हणाले, "दिला." त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल जेवढं प्रेम वाटलं तेवढं लग्नातही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो, कोंड्याशिवाय आणि कोंबड्यासकट.

शहापूरला तो पावसाळा मी कसा काढला ते माझं मला माहीत. पायरीवर सकाळी कुणी नसे. बाजाराच्या दिवशी लखू दिसला की मी आधी त्याचं तोंड बघायचे, मग विचारायचे. तो दर वेळी म्हणायचा, "हाय हाय, गुरांमागं पळतोय." कापणी झाली, दिवाळी गेली. तरी माझी खात्री पटेना. डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझं समाधान होत नाही, स्वभावच तसा.

पौषात म्हसा गावच्या जत्रेला आम्ही गेलो. बैलांच्या बाजारात ही धूळ आणि हे माणसांचे लोंढे. घोंगड्यांच्या दुकानापाशी मी उभी होते, तेवढ्यात ओळखीचा आवाज कानावर आला, पण असा की मला आधी ओळखताच येईना. सगुणा होती. तिने कोंड्याचा कान धरला होता आणि भर जत्रेत, आजूबाजूचं भान न ठेवता, त्याला फाडून खात होती. "नवा सदरा. आज घातला, आज फाडलास. कुठल्या मुहूर्तावर माज्या पोटी आलास रे? घरी चल, तुजी पाठ सोलते." कोंड्या एका पायावर नाचत होता, अंगाने भरला होता, सदऱ्याची बाही लोंबत होती, आणि जोरजोराने ओरडत होता, "आये, सोड. आये, कान तुटंल."

आमच्या ह्यांनी हाक मारायला तोंड उघडलं. मी त्यांचा हात दाबला. "थांबा," म्हटलं. "होऊ दे तिचं."